उस्तादांची नवी कवळी

सोफ्याला माणसासारखेच हाड असते, मांस असते आणि कातडी असते, असे उस्तादांचे मत होते. आणि या तिघांचे आपसात फाटले की सोफा कण्हू लागतो, तसा माणूसही. दातांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळी दोघेही कण्हत होते. उस्तादांचा खालचा जबडा ठणकत होता, आणि ते जरा सरकले की त्यांच्या खालचा सोफा जुने दुःख आठवल्यासारखा हुंकार देत होता.

गल्लीत त्यांना सगळेच उस्ताद म्हणत. जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवे अंग देणे हा त्यांचा धंदा. कापड बेतणे आणि शिवणे हे पत्नीचे काम. ते लाकडावर ताणून ठोकणे हे त्यांचे. दुखणे विसरण्यासाठी कुणी डोळे मिटते, कुणी मासिक चाळते; उस्तादांनी सोफ्याच्या पोटाखाली हात घातला.

"पट्टे तुटलेत," ते गाल धरून म्हणाले. "मधली स्प्रिंग आडवी झोपलीय. आणि कुणीतरी वरून नुसता फोम कोंबलाय. पाप आहे हे."

"अहो, हात काढा बाहेर. लोक बघतायत," पत्नी कुजबुजली.

"लोक यावर बसतायत, त्याचं काही नाही?"

आत डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात आरसा घातला, तेव्हा त्या नजरेची उस्तादांना ओळख पटली. ती त्यांचीच नजर होती: मोडलेल्या वस्तूची कीव न करता, आता हिला कुठून उसवायला घ्यावे, एवढाच विचार करणारी.

"हाड चांगलं आहे, काका," बाई म्हणाल्या. "त्यावरचं सगळं गेलंय."

"तुमच्या सोफ्याचंही तेच आहे," उस्ताद म्हणाले. पण तोंडात आरसा असल्यामुळे ते वाक्य पत्नीला उलगडून सांगावे लागले.

"आणि या खाचा कसल्या? पुढचे दात अगदी करवतीसारखे झालेत."

यावर उस्तादांचा सुजलेला चेहराही उजळला. त्यांनी आरसा बाजूला सारला आणि हातवारे करून समजावून सांगितले. डाव्या हाताने कापड ओढून धरायचे, उजव्या हातात हातोडी. मग खिळा कोण देणार? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात भरायचे. जीभ त्यातला एक निवडते, डोके बाहेर येईल असा फिरवते, दातांच्या चिमटीत धरून ओठांपाशी आणते. हातोडीचे तोंड चुंबकाचे. ती ओठांपाशी येते, खिळा टिपते आणि त्याच झोक्यात लाकडात उतरवते. कापडावरचा हात तसूभरही हलत नाही. ही वडिलांनी दिलेली विद्या होती, आणि उस्ताद आपल्या तोंडाला तिसरा हात म्हणत. त्या हाताची बोटे मात्र आयुष्यभराच्या लोखंडाने झिजली होती, खिळखिळी झाली होती, आणि आता एकेक करून निरोप घेत होती.

"म्हणजे जन्मभर तुम्ही लोखंड खाल्लंत," बाई म्हणाल्या.

"गिळलं नाही कधी," उस्ताद अभिमानाने म्हणाले.

"दोनदा," पत्नी म्हणाली.

ठरले ते असे. खालचे उरलेसुरले दात काढायचे आणि जबड्याच्या हाडात चार बारीक खुंट्या बसवायच्या. हाड त्यांना घट्ट धरीपर्यंत काही महिने वाट पाहायची, आणि मग त्यांच्यावर कवळी. कवळीच्या पोटात इवलीशी चुंबके असतील. खुंट्यांच्या डोक्यांवर ती टक्कन बसेल, आणि धुण्यासाठी हाताने काढताही येईल. चुंबकाचे नाव निघताच उस्तादांना बाईंविषयी एकदम भावकीतला जिव्हाळा वाटला.

"दात आले की पहिला तुमचा सोफा करतो," ते म्हणाले. "असा, की बसलेला माणूस आत यायला तयार होणार नाही."

"करा. पण एक लक्षात ठेवा, काका." बाईंनी हातमोजे काढले. "त्या दातांत खिळे धरायचे नाहीत. कधीच नाहीत. कवळी खराब होईल, खुंटीवर नको तिथे दाब येईल, आणि हाडाने एकदा हात सोडला की ते सहजासहजी परत धरत नाही."

उस्तादांनी मान हलवली. मान कापडासारखी असते. हवी तशी वळते, आणि आत काय भरले आहे ते बाहेरून दिसत नाही.

शस्त्रक्रिया करून ते घरी आले, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता. दुसऱ्या कुणाचा तरी उसना आणल्यासारखा तो ते हाताने सांभाळत होते. हिरडीवर कापसाचा बोळा दाबलेला. बाईंनी सांगितलेले सगळे पत्नीला तोंडपाठ होते: आज थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, गरम काही घ्यायचे नाही, गालावर बर्फ थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा, झोपताना डोक्याखाली दोन उशा. पाठांतर आणि अंमलबजावणी यांत तिने अंतर असे ठेवलेच नाही.

"थुंकलात?"

"अंहं."

"मग बेसिनपाशी काय करताय?"

उस्ताद बेसिनपाशी नुसते उभे होते. आरशात पाहत होते. दुसऱ्या दिवशी तर सूज अशी चढली, की आरशात त्यांना ताजा काथ्या ठासून भरलेला एक लोड दिसला. टाके कुणीतरी आतून घातले होते, आणि वरून कापड चढवायचे तेवढे विसरून गेले होते.

"बोलत का नाही काही?" पत्नीने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. "नाहीतरी नवीन काय आहे त्यात! इतकी वर्षं तोंडात खिळे होते, आता कापूस. खरं सांगू? कापसाशी बोलायला जरा बरं वाटतं."

मग दिवस मऊ झाले. गार सूप, कुस्करलेला बटाटा, पिकलेले केळे. मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा, त्याही अशा, की पाणी तोंडात नुसते झुलवायचे आणि आपण होऊन सांडू द्यायचे. दात नसलेल्या माणसाला जगाच्या कडा लागत नाहीत. उस्तादांना वाटे, आपण एका भल्यामोठ्या उशीच्या आत राहतो आहोत, आणि बाहेर कुठेतरी कुणीतरी काहीतरी कुरकुरीत खाते आहे.

ते कुणीतरी म्हणजे मेहुणा. तो भाजलेले दाणे घेऊन आजाऱ्याच्या समाचाराला आला आणि समोर बसून ते स्वतःच खाऊ लागला. गल्लीच्या तोंडाशी त्याचे गाड्यांच्या सीट शिवायचे दुकान होते, आणि त्यात हवेवर चालणारी, पिना मारायची बंदूक होती. पत्नीचा धाकटा भाऊ. त्याला बोलणार तरी काय? म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यातून खालचे दात तर आता उस्तादांपाशी नव्हतेच.

"भावोजी, रागावू नका," मेहुणा दाणे चावत म्हणाला. "पण तोंडातले खिळे गेले म्हणजे तुमचं काम गेलं. माझी बंदूक बघा. एका हातात कापड, एका हातात बंदूक. फट्, फट्, फट्! तोंड मोकळं. गाणं म्हणा, दाणे खा."

"पिना उपटतात," उस्ताद पुटपुटले.

"उपटल्या तर परत मारायच्या!"

'परत' हा शब्द उस्तादांना शिवीसारखा लागला.

"मी काय म्हणतो," मेहुण्याने हात झाडले. "मी येतो तुमच्याकडे बंदूक घेऊन. दोन्ही दुकानं एक करू. तुम्ही आपले गल्ल्यावर बसा, गिऱ्हाइकांशी गोड बोला."

गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यापेक्षा उस्तादांना जबड्यात आणखी चार खुंट्या परवडल्या असत्या. त्यांनी गालावरचा बर्फ बाजूला ठेवला.

"डॉक्टरीणबाईंचा सोफा मी करणार," ते म्हणाले. "खिळ्यांनी. एकटा. सांगितलेल्या दिवशी तो जागेवर गेला, तर तुझ्या बंदुकीने माझा उंबरा ओलांडायचा नाही."

"आणि नाही गेला तर?"

"तर गल्ला."

पत्नी कोपऱ्यात सूप ढवळत होती. तिला कुणी काही विचारले नाही. ढवळण्याचा आवाज मात्र वाढला.

हाडाने आपले काम इमानाने केले. महिने उलटले, हिरडी गुलाबी झाली, बाईंनी खुंट्या तपासून घट्ट असल्याची ग्वाही दिली. आणि एका दुपारी कवळी उस्तादांच्या तोंडात टक्कन बसली. त्या आवाजात त्यांना हातोडीने अचूक टिपलेल्या खिळ्याचा आवाज ऐकू आला आणि डोळे भरून आले. बाईंना वाटले, दुखले.

आता पत्नीच्या पाठांतराचा दुसरा अध्याय सुरू झाला. जेवण झाले की कवळी काढायची, धुवायची. झोपण्याआधी काढायची, घासायची आणि झाकणाच्या वाटीत पाण्यात ठेवायची. पहिल्या संध्याकाळी उस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तिकडे काय आहे?" पत्नीने विचारले.

"तू जा. मी काढतो."

"लाजताय? माझ्यासमोर? इतकी वर्षं तुमचं घोरणं ऐकलंय मी. वळा इकडे. आधी बेसिनमध्ये पाणी भरा, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. गरम नको, वाकडी होईल. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतील. मऊ ब्रश. हां. आता 'आ' करा, खुंट्या राहिल्या."

खुंट्यांच्या भोवतीने बारीक ब्रश फिरवताना उस्तादांना हळूहळू त्या कामाची गोडी लागली. नक्षीदार खुर्चीच्या पायातली धूळ काढावी तसे ते मन लावून खुंटी घासत. रात्रभर कवळी पाण्यात एकटीच हसत राही, आणि सकाळी उस्ताद ते हसू उचलून पुन्हा तोंडात ठेवत. कडक भाजलेला पाव त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा चावला. सगळे ठीक चालले होते. आणि मग सोफा आला.

दवाखान्याची बाहेरची खोली रंगवायला काढली होती. रुग्ण मागच्या दाराने आत जात, आणि रंग वाळून खोली उघडेल त्या दिवशी सोफा जागेवर हवा, असे बाईंनी सांगितले होते. उस्तादांनी त्याला उलटा घातला, सोलला, कुणा अडाण्याने कोंबलेला फोम ओढून काढला. नवे पट्टे विणले, स्प्रिंगा उभ्या केल्या, बांधल्या. तोवर तिसऱ्या हाताची आठवण फारशी झाली नाही. पट्ट्यांना घाई नसते. मग पत्नीने शिवलेले कापड आले, गडद निळे, आणि उस्तादांनी कडेचा पहिला ताण घेतला.

डावा हात कापडावर, उजव्यात हातोडी. आणि जीभ, बिचारी, सवयीने पुढे आली. तिथे काही नव्हते.

खिळा घ्यायला डावा हात सोडावा, तर कापड रुसल्यासारखे मागे सरे. हातोडी ठेवावी, तर ती नेमकी सोफ्याच्या पलीकडे घरंगळे. त्यांनी खिळे अंगरख्याच्या खिशात ठेवून पाहिले. वाकल्याबरोबर ते पोटात टोचले. मनगटावर चुंबक बांधून त्यावर खिळे चिकटवले. तर हातोडीचे चुंबक आणि मनगटाचे चुंबक यांचे प्रथमदर्शनीच असे जमले, की दोघांना वेगळे करायला पत्नीला हाक मारावी लागली.

"हात आणि हातोडी अडकलीय," ते म्हणाले.

"दिसतंय," पत्नी म्हणाली. "मी थांबू का इथे? काही धरायला?"

"नको. एकट्याने करायचंय."

"बरं." तिने त्यांचे मनगट सोडवले आणि ती आपल्या मशीनकडे गेली.

संध्याकाळपर्यंत एका कडेची एक वीत झाली, आणि तीही सुरकुतलेली. मेहुणा जाता जाता दारात थबकला. नुसती जीभ टाळ्याला लावून बंदुकीसारखा आवाज काढला, "फट्," आणि निघून गेला. उस्ताद रात्री कूस बदलत राहिले. वाटीतली कवळी हसत होती. त्यांना ते हसणे मेहुण्याचे वाटले.

माणसाचे मन मोहात पडते ते एकदम नव्हे. आधी ते एक पळवाट शोधते आणि मग तिला तर्क म्हणते. दुसऱ्या दिवशी पत्नी दोरा आणायला बाजारात गेली, आणि उस्तादांच्या मनात बाईंचे वाक्य शब्दशः उभे राहिले. त्या दातांत खिळे धरायचे नाहीत. त्या दातांत. पण दातच तोंडात नसतील तर?

त्यांनी कवळी काढली. ठेवायची कुठे? वाटी घरात. टेबलावर ठेवावी तर काथ्याचा भुगा. आणि या दुकानात आजवर एकही वस्तू जिथून हरवली नव्हती, अशी एकच जागा होती: खिळ्यांचा डबा. हाताला जे चाळीस पावसाळे ठाऊक होते तेच त्याने केले. मूठभर खिळे काढले आणि त्या जागी कवळी ठेवली, जणू देवाणघेवाण.

मग खिळे तोंडात गेले. लोखंडाची ती थंड, किंचित आंबट चव! उस्तादांना वाटले, आपण फार लांबच्या प्रवासाहून घरी आलो. खाली बोडकी हिरडी आणि चार खुंट्यांची डोकी. खिळे निसटत होते, एक जिभेखाली गेला, एक गालात रुतला. पण जीभ विसरली नव्हती. हातोडी ओठांशी आली. टक. कापड हलले नाही. टक. टक. अर्धी कड बघता बघता सरळ रेघेत उतरली. उस्ताद तोंड भरलेले असताना जे एकच गाणे म्हणू शकत, ते शब्दांवाचूनचे गाणे म्हणू लागले.

बाहेर चपला वाजल्या.

खिळे त्यांनी ओंजळीत ओतले, डब्यात हात घातला, आणि हाताला साळिंदर लागले.

चुंबकांनी आपला धर्म पाळला होता. कवळीच्या पोटाला, पाठीला, दातांच्या फटींना झुबकेच्या झुबके खिळे लटकले होते. उस्तादांनी ते ओरबाडले, झटकले, उपटले. एक काढावा तर त्याच्या शेपटीला दुसरा. चपला उंबऱ्याशी आल्या. त्यांनी कवळी सदऱ्याला पुसली आणि तोंडात दाबली. टक्क झाले नाही. काहीतरी कच्चकन झाले.

"कमाल झाली," पत्नी सोफ्याच्या कडेकडे पाहून म्हणाली. "एवढं झालं? एकट्याने?"

"हं," उस्ताद म्हणाले.

"काय झालं? असे का बघताय?"

"हं."

त्या दिवसापासून कवळी डुगडुगू लागली. मोडक्या पायाच्या खुर्चीसारखी ती एका अंगाला कलली होती. खाली मुकाट ठणका सुरू झाला. खुंटी ढिली झाली, उस्तादांना वाटले. हाडाने हात सोडला. रात्री ती काढायचेही त्यांना धाडस होईना, न जाणो खुंटीही बरोबर यायची; आणि "आज मी एकटाच घासतो" म्हणून ते बेसिनपाशी दार लावून नुसते पाणी सोडत. हे सगळे मनात दाबून ते सूप मागू लागले. पत्नीने एकदा सूप दिले, दुसऱ्यांदा सूप दिले; तिसऱ्यांदा चपला घातल्या.

"चला."

"कुठे?"

"जिथे तुम्हाला 'आ' करावंच लागेल तिथे."

मागच्या दाराने ते आत गेले. नव्या रंगाचा वास आतपर्यंत येत होता. बाईंनी बोटाने कवळी अलगद उचलली, उलटी केली आणि दिव्याखाली धरली. मग त्यांनी चिमट्याने काहीतरी पकडले, ओढले. ते यायला तयार नव्हते. आले. ट्रेमध्ये टिंग असा आवाज झाला.

"काका," बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

उस्तादांनी छताकडे पाहिले.

पत्नीने वाकून पाहिले. "अर्ध्या इंचाचा," ती शांतपणे म्हणाली. "चपट्या डोक्याचा. आमच्याच डब्यातला."

"मी दातांत धरला नव्हता," उस्ताद म्हणाले. "दात काढून ठेवले होते. खिळ्यांत."

बाईंना आधी राग येणार होता. मध्येच हसू आले, मग पुन्हा राग आला. "चुंबक खिळ्यांच्या डब्यात?"

"सवयीने."

"आणि रोज रात्री काढून धूत होतात ना? तेव्हा नाही दिसला?"

यावर पत्नीनेही उत्तराची वाट पाहिली. उस्तादांनी पुन्हा छताकडे पाहिले.

"नशीब समजा. खुंटी पक्की आहे, पण हिरडी सोलवटलीय. आणखी काही दिवस असंच चाललं असतं, तर मला तुमच्या हाडाची खात्री देता आली नसती." त्यांनी कवळी स्वच्छ केली, वाटीत घातली आणि पत्नीकडे दिली, उस्तादांकडे नाही. "सूज उतरेपर्यंत घालायची नाही. मिठाच्या पाण्याने चुळा, आणि मऊ खाणं. आणि काका, त्या दातांत नाही, या हिरडीत नाही, जिभेवर नाही, ओठांत नाही. आता राहिलं का काही?"

"नाक," पत्नी म्हणाली. "तेही सांगून ठेवा."

परतीच्या वाटेवर मात्र ती काही बोलली नाही. तिच्या बोलण्याची उस्तादांना सवय होती. तिच्या न बोलण्याला काय उत्तर द्यायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

सकाळी सोफा तसाच उलटा पडला होता, अर्धी कड सरळ, बाकीचे निळे कापड लोंबते. उद्या दवाखान्याची बाहेरची खोली उघडणार होती. उस्ताद स्टुलावर बसले. मागे त्यांचे वडील याच स्टुलावर बसत. पण वडिलांना शेवटपर्यंत दात होते.

"बोलाव तुझ्या भावाला," ते म्हणाले. दातांवाचून ते वाक्य इतके मऊ निघाले, की स्वतःलाच त्याची दया आली. "बंदूक घेऊन ये म्हणावं."

पत्नी उठली. दाराकडे गेली नाही. सोफ्यापाशी आली, बाह्या वर सारल्या, लोंबत्या कापडाची कड दोन्ही मुठींत धरली, लाकडाला पाय लावला आणि ओढली.

"काय करतेस?"

"ओढतेय. दिसत नाही? दात गेलेत तुमचे, डोळे नाहीत गेले. मारा."

"ताण मी देतो. या दुकानात ताणाला दुसरं कुणी हात लावत नाही, तुला माहितीय."

"माहितीय ना. म्हणूनच तर जन्मभर लोखंड चावलंत. एक हात मागितला असतात, तर दात राहिले असते."

उस्ताद गप्प झाले. तोंडात काही नसताना गप्प राहणे किती अवघड असते, हे त्यांना प्रथमच कळत होते. जीभ तोंडभर फिरली, आणि तिला मागे लपायला एकही खिळा सापडला नाही.

"मारताय का? हात भरून आले माझे."

त्यांनी डब्यातून खिळा घेतला. दोन बोटांत खिळा धरून ठोकणे हे त्यांच्या लेखी शिकाऊ माणसाचे काम. पहिला घाव सरळ अंगठ्यावर बसला. पत्नी हसली नाही, हे तिचे मोठेपण. तिचे खांदे मात्र हलले. दुसरा घाव खिळ्यावर बसला. तिसरा नीट.

"जास्त ओढतेस," उस्ताद म्हणाले.

"नाही."

"फाटेल ते!"

"मी बेतलंय हे. आडवं ताणलं तर सुटतं, उभं सुटत नाही. तुम्ही दरवेळी उभंच जास्त ओढता, म्हणून मी दरवेळी शिवताना तिथे अर्धं बोट जास्त सोडते. तुम्हाला काय वाटलं, तुमचे कोपरे आपोआप बसतात?"

हातोडी हवेत थांबली. "दरवेळी?"

"पहिल्या खुर्चीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तोंडात खिळे असलेल्या माणसाला काय सांगायचं? 'हं' म्हणाला असतात. मारा."

ते ठोकत गेले, ती ओढत गेली, आणि दोघे भांडत गेले. इतके मनसोक्त ते या दुकानात कधी भांडले नव्हते. कुठल्या खुर्चीची शिवण उसवली होती, कुठल्या गिऱ्हाइकापुढे कोण खोटे पडले होते, कुणी कुणाची कात्री हरवली होती, सगळे निघाले. आणि प्रत्येक मुद्द्यागणिक एक खिळा लाकडात जात होता. मागची कड झाली. बाजू झाली. कापडावर एक सुरकुती उरली नाही.

"हे चालणार नाही!" दारातून आवाज आला. मेहुणा उभा होता, हातात बंदूक, खांद्यावर नळीचे वेटोळे. काम वेळेत होत नाही अशी खात्री करूनच तो तयारीने आला होता. "ताई, ही फसवणूक आहे. एकट्याने करायचं ठरलं होतं."

"कुणाचं ठरलं होतं?"

"माझं आणि भावोजींचं."

"मला विचारलं होतं?"

मेहुण्याने भावोजींकडे पाहिले. भावोजींनी बोडके तोंड उघडले, मिटले आणि मान हलवली; या वेळी आत काय भरले आहे ते सरळ दिसत होते.

"तर मग," पत्नी म्हणाली, "ती बंदूक उंबऱ्याबाहेर ठेव, आणि आत येऊन हा पाय दाबून धर. सोफा सरकतोय केव्हाचा."

मेहुणा क्षणभर घुटमळला. मग त्याने बंदूक बाहेर पायरीवर टेकवली आणि येऊन सोफ्याचा पाय धरला.

शेवटचा कोपरा उरला होता. कोपऱ्यात कापडाच्या तीन घड्या एकमेकींवर येतात; ताण जरा कमी पडला तर त्या फुगतात, जरा जास्त झाला तर उभी शिवण हसते. इथे वडील त्यांना नेहमी बाजूला सारत, आणि पुढे उस्ताद सगळ्यांना बाजूला सारत. पत्नीने घड्या बसवल्या, बोटांनी दाबल्या, कड मुठीत घेतली. उस्तादांनी खिळा टेकवला, हातोडी उचलली आणि थांबले. ओठांवर आलेला प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता. तो कसा विचारतात, हेही त्यांना नीट ठाऊक नव्हते.

"किती?" ते म्हणाले.

पत्नीने कापडाकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा कापडाकडे.

"थांबा," ती म्हणाली, आणि दम रोखून आणखी जरासे ओढले. "अजून थोडं. थोडं. हां. आता मारा."